भांग थोडा उजवीकडे

कंपनीत तिला तेहतीस म्हणत. घरी ती सूनबाई होती, जिन्यावर भेटणाऱ्यांसाठी ‘त्या लांब केसवाल्या’ होती. पण शाम्पूच्या कारखान्यातल्या चाचणी विभागात माणसं मोजत नसत, डोकी मोजत. अकरा नंबरच्या डोक्याला सर्दी झाली की अकरा नंबरचं डोकं रजेवर जाई. एकोणीस नंबरच्या डोक्याचं लग्न ठरलं तेव्हा डोक्याला सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. तेहतीस नंबरच्या डोक्याचा मान मात्र वेगळा होता, कारण त्या विभागातले सगळ्यात लांब केस त्याच्यावर होते. ती खुर्चीत बसली की वेण्यांची टोकं जमिनीला लागत, आणि झाडूवाला तिच्या खुर्चीपुरता झाडू बाजूला ठेवून हातानं केर वेचत असे.

एवढे लांब केस सांभाळणं ही एक स्वतंत्र नोकरीच असते, हे ज्याच्या घरात असे केस आहेत त्यालाच कळतं. ती न्हायली की गॅलरी अडून बसे. सासूबाई स्टुलावर बसून केसांचा खालचा अर्धा भाग मांडीवर घेत, वरचा अर्धा ती स्वतः उलगडे, आणि दोघी मिळून जाळं विणणाऱ्यांसारख्या तासभर बोटं चालवत. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला होता. घरी आला की तो आधी न्हाणीघरात जाई आणि तारेचा आकडा घालून मोरीतून केसांचा गुंता ओढून काढी. “गाडीचा पट्टा करता येईल याचा,” असं तो दर वेळी म्हणे. तक्रार म्हणून नव्हे, सवय म्हणून. उशीवर केस, चादरीला केस, बटणात अडकलेला केस. या घरात दुसरं मूल नव्हतं, पहिलंही नव्हतं; जे काही लाड, चिडचिड आणि काळजी होती ती या केसांच्या वाट्याला येई. दाखवण्यासारखं आपल्यापाशी एवढंच आहे, असं ती हसत म्हणायची. हसत म्हणायची, पण तिला ते खरं वाटे.

म्हणूनच कंपनीची जाहिरात वाचून ती गेली तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता. केसांना काही होणार नाही ना?

“तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, मॅडम,” साहेब म्हणाले होते.

साहेब म्हणजे नव्या शाम्पूचे प्रमुख. बूट नेहमी चकचकीत, बोलणं त्याहून. काम हवं असलं की ते तिला मॅडम म्हणत, एरवी तेहतीस.

काम सोपं होतं. डोक्याच्या मधोमध भांग पाडायचा. डाव्या बाजूला निळ्या बाटलीतला शाम्पू लावायचा, त्यात सात मुळांचा अर्क होता. उजव्या बाजूला पांढऱ्या बाटलीतला, तोच, फक्त अर्क न घातलेला. दोन्ही बाजूंच्या दोन वेण्या, एकीला निळी फीत, दुसरीला पांढरी. अर्कानं किती फरक पडतो ते काही महिन्यांनी मोजायचं. कुठल्या बाटलीत काय आहे हे कुणालाही ठाऊक नसावं असा नियम होता, आणि निळ्या बाटलीला बंद कपाटासारखा वास येत असल्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी तिला बजावलं गेलं की इकडचा केस तिकडे जाता कामा नये. घरीही दोन फण्या, दोन टॉवेल, दोन उशा. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे डोक्यावर वाटणीच झाली म्हणायची. भिंत कधी बांधणार?”

भिंत म्हणजे भांग, आणि तो पाडायला चाचणी विभागात स्वतंत्र बाई होत्या. त्यांना सगळे भांगबाई म्हणत. टोकदार शेपटीची फणी त्या कपाळापासून मानेपर्यंत एका दमात ओढत, श्वास न घेता. मागं उरलेली रेघ इतकी सरळ असे, की नवीन रुजू झालेल्यांना ती दाखवायला आणत. इतक्या वर्षांत आपला हात एकदाही थरथरला नाही, हे त्या स्वतः सांगत नसत. पण दुसऱ्यांनी सांगितलं तर थांबवतही नसत.

पहिली तपासणी झाली. वेण्या कड्यांमधून ओवून जाडी पाहिली, फणीत आलेले केस दोन कागदांवर वेगवेगळे मांडले, टोकं भिंगाखाली धरली. निकाल भिंगाशिवायही दिसत होता. डावी वेणी काथ्यासारखी झाली होती. फणी शिरताना करकर आवाज येई. उजवी मात्र होती तशी होती. उलट शेजारी डावी असल्यामुळे जरा जास्तच झळकत होती.

साहेब येऊन तिच्या पाठीमागं उभे राहिले.

“भांग मधोमध आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे,” भांगबाई म्हणाल्या.

“कशावरून?”

“नाकावरून. नाकाच्या शेंड्याच्या रेषेत काढते मी.”

साहेब पुढं आले. त्यांनी तिचं नाक पाहिलं, आधी समोरून, मग दोन्ही बाजूंनी.

“नाक मधोमध आहे हे कशावरून?”

इतक्या वर्षांत नाकावर कुणी शंका घेतली नव्हती.

“तेहतीसचं नाक किंचित डावीकडे आहे,” साहेबांनी निर्णय दिला. “म्हणजे भांग डावीकडे गेला. म्हणजे उजव्या बाजूला मुळात जास्त केस गेले. हा निळ्या बाटलीवर अन्याय आहे. भांग थोडा उजवीकडे घ्या.”

त्या संध्याकाळी ती घरी आली ती थेट आरशासमोर उभी राहिली.

“अहो, माझं नाक डावीकडे आहे?”

नवऱ्यानं गाडीचं पुढचं चाक तपासावं तसं एक डोळा मिटून पाहिलं. “अलाइनमेंट ठीक आहे. कोण म्हणालं?”

“साहेब.”

“साहेबांना एकदा बाहेरून चक्कर मारून आणायला हवं.”

सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते केस खरखरीत झाले ते गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यानं. टाकी धुतल्याला किती काळ लोटला हे कुणालाच आठवत नाही, त्यात पारवे पडतात. “तुझ्या कंपनीला काय दोष द्यायचा? शिकलेली माणसं आहेत ती.”

“आई, पाणी दोन्ही बाजूंना तेच जातं.”

“मग एखादा पारवा डावीकडचा असेल,” नवरा म्हणाला.

भांग सरकला. बोटभर पट्टा उजवीकडून डावीकडे आला, पांढरी फीत सोडून निळ्या फितीत गेला. आलेले केस चांगले होते, त्यामुळे डावी वेणी एकदम भरली. पुढच्या तपासणीत तिची जाडी वाढलेली निघाली. भिंतीवरच्या तक्त्यावर निळी रेघ वर चढली, आणि साहेबांनी विभागाला चहा पाजला.

पण निळ्या बाटलीखाली आलेला तो पट्टाही काही दिवसांत मलूल पडला. तपासणीत पुन्हा डावी मागं. साहेबांनी या खेपेस नाकाला हात लावला नाही. ते म्हणाले की डोक्याचा डावा भाग उतरता आहे, त्यावर केस जास्त असल्यासारखे वाटतात, प्रत्यक्षात नसतात; समतोलासाठी भांग थोडा उजवीकडे घ्यावा. त्यापुढच्या वेळी कारण होतं ती उजव्या कुशीवर झोपते हे. त्यानंतर कारण विचारायची पद्धतच बंद झाली. तपासणीच्या दिवशी साहेब दारातूनच बोटानं खूण करत आणि भांगबाई फणी उचलत.

हरलेल्या बाजूला रसद पुरवत राहिलं की ती जिंकल्यासारखी दिसते. उजवीकडचे चांगले केस डावीकडे येत, डावी वेणी फुगवत, खराब होत. तोवर पुढचे चांगले केस येऊन पोचत. तक्त्यावरची निळी रेघ छताच्या दिशेनं निघाली होती. कारखान्याच्या मालकीणबाईंकडे दर वेळी तक्त्याची प्रत जाई. बाकी डोक्यांचे केस खांद्याइतके, त्यांच्यावर फारसं काही दिसत नव्हतं. सगळी भिस्त तेहतीसवर होती. पांढऱ्या फितीची वेणी आता उंदराच्या शेपटीएवढी उरली होती आणि भांग उजव्या कानाच्या शेजाराला येऊन राहिला होता.

डोक्याचा भार सगळा एकीकडे झाल्यानं तिची मान डावीकडे झुकू लागली. जिन्यात शेजारीण भेटली तर ती काहीतरी गुपित ऐकते आहे असं वाटे.

“लेन बदलली तुझ्या भांगानं,” नवरा एका सकाळी म्हणाला. “तीही सिग्नल न देता.”

ती हसली नाही. तेव्हा त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

त्या दिवशी गॅलरीत केस वाळवताना सासूबाईंचा डोळा लागला होता, म्हणून ती एकटीच बोटं फिरवत होती. फिरवता फिरवता तिची बोटं थांबली. डाव्या कानापासून डोक्याच्या मध्यापर्यंत केस सारखेच राठ होते. मध्यापासून पुढं ते बदलत गेले. एक पट्टा बराच राठ, त्यापुढचा जरा कमी, त्यापुढचा आणखी कमी, आणि उजव्या कानामागं उरलेले तेवढे तिच्या ओळखीचे. एकेका खुणेसरशी सरकलेला भांग तिच्या डोक्यावर जसाच्या तसा नोंदला गेला होता. तिनं पुन्हा उलट्या बाजूनं हात फिरवला, आणि बोटांना पुन्हा तेच लागलं. पुढच्या खेपेला कानामागचेही जाणार होते. मग ओळखीचं काही उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती भांगबाईंकडे गेली.

“बाई, भांग पुन्हा मधे घ्या. हवं तर पांढरीच बाटली दोन्हीकडे लावा, पण हे नको. माझं सगळं डोकं त्या बाटलीत चाललंय.”

भांगबाईंनी फणी पुसली. “रेघ सरळ आहे की नाही माझी?”

“सरळ आहे. पण कानाजवळ आहे.”

“कुठं असावी हे वरून ठरतं. सरळ असावी हे माझ्याकडे. माझ्याकडचं चुकलं असेल तर सांग.”

ती वळली तेव्हा भांगबाई फणीकडे बघत म्हणाल्या, “पहिल्या दिवशी नाकाच्या रेषेत होता. नाक सरळ आहे तुझं.”

साहेबांनी त्याच दुपारी तिला बोलावून घेतलं. नव्या शाम्पूचं अनावरण ठरलं होतं. मालकीणबाई स्वतः येणार, दुकानदार येणार, वर्तमानपत्रवाले येणार. तिनं फिरत्या स्टुलावर पाठ करून बसायचं होतं.

“एकच बारीकसं काम राहिलंय, मॅडम. उजवीकडे आता उरलंय काय? ते कानामागचे मूठभर. तेही घेऊन टाकू.”

“मग तुलना कशाशी करणार?”

“तुलनाच उरणार नाही,” साहेब प्रसन्नपणे म्हणाले. “म्हणजे बघा, किती मोठं यश आहे ते.”

“केस खराब होताहेत, साहेब.”

“कुठले?”

“डावीकडे येतात ते सगळे.”

साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दोहोंपैकी विश्वास कुणावर ठेवायचा हे त्यांना ठरवायची गरज पडली नाही. “वेणी जाड झाली की नाही? मग? उद्या सकाळी कार्यक्रमाआधी भांगबाई भांग सरकवतील. आणि हो, चाचणीनंतर तुम्हाला कायम करायचं आमच्या मनात आहे.”

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातली फणी खाली ठेवली. टाकीचा विषय त्यांनी काढला नाही.

“कायम करणार म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“म्हणतात.”

“डोक्याला की तुला?”

सकाळी ती लवकर न्हायली. नेहमीची खुर्ची, समोर आरसा, नवऱ्याच्या हातात गाडीचा सुटा आरसा, मागचं दिसावं म्हणून. सासूबाईंनी तिचं नाक दोन बोटांत धरून ठेवलं.

“आई, सोडा, श्वास घेता येत नाही.”

“हलायचं नाही. रेघ याच्यावरून जाते ना?”

“जरा डावीकडे,” नवरा म्हणाला. “अजून. आता सरळ. आरशात बघून सरळ, बस.”

भांग काही भांगबाईंसारखा आला नाही. मधे दोन ठिकाणी खड्डा चुकवल्यासारखा वळला. पण तो मधोमध होता. मग तिनं दोन वेण्या घातल्या. डावी बारीक, पिंजारलेली, टोकाशी कुंच्यासारखी. उजवी वरून काही ठिकाणी निस्तेज होती, पण आतून भरलेली, आणि कानामागचे केस तिच्यातून काळ्या पाण्यासारखे उतरत होते. तिनं डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि वेण्या त्यात गुंडाळून घेतल्या.

चाचणी विभागात भांगबाई फणी घेऊन तयार होत्या. तिनं रुमालाची पुढची कड थोडी वर केली. भांगबाई वाकल्या. वाकडातिकडा तो भांग बघताना त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. एखाद्या गवयाला बेसूर गाणं ऐकताना होतं तसं.

“काय ही रेघ,” त्या म्हणाल्या.

“मधे आहे ना?”

भांगबाईंनी रुमालाची कड खाली ओढली आणि स्वतःच्या हातानं नीट बसवली. दारातून साहेबांनी विचारलं, “झालं का?” तेव्हा त्या म्हणाल्या, “भांग जागेवर आहे.”

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मालकीणबाई बसल्या होत्या. कारखाना त्यांच्या नवऱ्यानं काढला आणि त्यांनी वाढवला, असं म्हणत. डोक्यावर सुपारीएवढा अंबाडा आणि हातात काठी. साहेब सात मुळांबद्दल बोलले, एकेक मूळ कुठल्या डोंगरातून आलं ते बोलले, समतोलाबद्दल बोलले. “आता डावी वेणी पाहा,” असं म्हणून त्यांनी स्टूल फिरवण्याची खूण केली. तिनं रुमाल सोडला.

स्टूल फिरून थांबलं. लोकांनी डावी वेणी पाहिली. मग त्यांनी उजवी पाहिली. मग ते साहेबांकडे पाहू लागले. साहेब अजून प्रेक्षकांकडेच तोंड करून हसत होते. मागं वळून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

काठीचा आवाज जवळ आला. तिच्या पाठीवरची उजवी वेणी कुणीतरी उचलली, तळहातावर तोलली.

“याच्यात काय घातलंय?” मालकीणबाईंनी विचारलं.

साहेब वळले. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण बराच वेळ लागला त्यावरून अंदाज आला.

“त्यात काही नाही, बाईसाहेब.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे अर्क नाही. नुसताच आहे.”

“आणि डावीकडे?”

“सात मुळं.”

मालकीणबाईंनी वेणी खाली सोडली. “नुसताच विका मग. भाव तोच ठेवा. काही न घालायलाही अक्कल लागते.”

“आम्ही हेच सुचवणार होतो,” साहेब म्हणाले.

टाळ्या झाल्या. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहून घेतलं. पांढऱ्या बाटलीचं नाव ‘निखळ’ पडलं, आणि तिच्या पाठीचं चित्र शहरभर लागलं. डाव्या वेणीखाली लिहिलं होतं ‘आधी’, उजवीखाली ‘नंतर’.

तिला वाटलं की आता सुटले. तिसऱ्याच दिवशी साहेबांनी तिला चाचणी विभागात बोलावलं. ते पूर्वीसारखेच ताजेतवाने होते. भिंतीवर नवा तक्ता होता, आणि त्यातली पांढरी रेघ छताकडे निघालेली होती.

“मॅडम, अभिनंदन. तुम्हाला कायम करतोय. गावोगावी कार्यक्रम होतील. तुम्ही फक्त पाठ करून बसायचं.”

“आणि केस?”

“उजवीकडे निखळ, जितकं हवं तितकं. डावीकडे मात्र निळी बाटलीच चालू ठेवायची. ‘आधी’ आहे ना ती. ती सुधारली तर ‘नंतर’ला अर्थ काय राहिला?” मग ते आश्वासक आवाजात म्हणाले, “उजवीकडच्या एका केसालाही धक्का लागणार नाही.”

तिनं वेण्या खांद्यावरून पुढं घेतल्या. दोन्ही फिती सोडल्या. वेण्या उकलल्या. मग भांगबाईंपुढं हात केला. भांगबाईंनी आधी शेपटीची बारीक फणी उचलली, ती खाली ठेवली, आणि टेबलाच्या खणातून रुंद दातांची फणी काढून तिच्या हातावर ठेवली.

तिनं कपाळावरून फणी सरळ मागं ओढली. भांग गेला. राठ केस मऊ केसांत शिरले, मऊ राठात, आणि कुठला कुठून आला हे काही क्षणांत कुणालाच सांगता आलं नसतं.

“अहो, काय करताय,” साहेब म्हणाले. “हे आता वेगळे कसे करायचे?”

“रेघ पुसली गेली, साहेब,” भांगबाई म्हणाल्या. “नवीन काढायला मूळ जागा ठाऊक पाहिजे. मला आता आठवत नाही.” असं म्हणून त्या खाली बसल्या आणि जमिनीवर पसरलेली केसांची टोकं त्यांनी उचलून धरली, तिची वेणी पूर्ण होईपर्यंत.

एकच वेणी. दोन जातींच्या सुतानं वळलेल्या दोरखंडासारखी, मधूनच चमकणारी, मधूनच फुटलेली. ती खांद्यावरून पुढं घेऊन ती बाहेर पडली. मान सरळ ठेवायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे फाटकापर्यंत ती जरा सांभाळूनच चालली.

घरी सासूबाईंनी वेणी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत चाचपली. “निम्मी जाईल कापायला,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे. वाढेल.” मग त्यांनी दोन फण्यांपैकी एक उचलून मुलाकडे केली. “ही आता जास्तीची झाली. तू घे.”

त्यानं टक्कल पडलेल्या टाळूवरून हात फिरवला. “मला काय करायची?”

“ठेव. कधी कंपनीवाले आले तर भांग पाडायला लागेल.”

तो फणी घेऊन न्हाणीघरात गेला. थोड्या वेळानं आतून मोरीत आकडा घातल्याचा आवाज आला, आणि मग त्याचं नेहमीचं वाक्य. या खेपेस तो पुढं म्हणाला की पट्टा दोन रंगांचा निघालाय.